शॉमबर्गात गळ्याची शपथ

अमेरिकेहून परत येऊन दोन महिने झाले, तरी मिरजेत भेटणारं प्रत्येक माणूस मला पहिला प्रश्न नायगाऱ्याचाच विचारतं. नायगारा मी पाहिला नाही. स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही पाहिला नाही. पाहिलं ते शिकागोजवळच्या शॉमबर्ग नावाच्या उपनगरातलं एका शाळेचं सभागृह, आणि विस्कॉन्सिनमधल्या एका खेड्यातल्या चर्चचं तळघर. माझा भाऊ म्हणाला, "सुमन, एवढंच बघायचं होतं तर सांगलीला जायचंस. शाळा तिथेही आहेत." त्याला तोंडी उत्तर सुचलं नाही, म्हणून हे लेखी देते आहे.

मी भूगोलाची शिक्षिका होते. नॉर्वेच्या फिओर्डांपासून ऑस्ट्रेलियाच्या मेंढ्यांपर्यंत सगळं जग मी फळ्यावर काढून दाखवलं आणि स्वतः गेले ती फार तर गोव्यापर्यंत. पण गावात मला ओळखतात ते भूगोलासाठी नव्हे. गाण्याची बैठक असली की पहिल्या रांगेत, गवयाच्या अगदी समोर, मांडीवर ताल धरून बसलेली जाड चष्म्याची बाई म्हणजे मी. माझी "वा!" शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. गाताना गवई अधूनमधून माझ्याकडे बघतात, ते मला जाणकार समजून, अशी माझी समजूत आहे. भावाच्या मते ते धास्तीने बघतात.

मुक्ता ही याच भावाची मुलगी. पुण्याला इंजिनियर झाली आणि गेली तीन वर्षं शॉमबर्गला एका कंपनीत कम्प्युटरवर काम करते. लहानपणी तिच्या हातात व्हायोलिन मी दिलं. मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून ती यमन वाजवायची आणि मी शेजारीपाजारी ऐकवत सुटायचे. तेच व्हायोलिन आता ती खुर्चीत बसून हनुवटीखाली धरते आणि तिकडच्या हौशी वाद्यवृंदात वाजवते, असं फोनवर कळलं तेव्हा माझा चेहरा पडला. पोरगी सासरी जावी आणि आडनावाबरोबर हातची चवही बदलून बसावी, तसं काहीसं वाटलं. त्यामुळे २००६च्या ऑक्टोबरात मी अमेरिकेला निघाले ती लोकांच्या दृष्टीने देश बघायला. खरं म्हणजे मी पोरीला रागसंगीतात परत आणायला निघाले होते.

शिकागोचा विमानतळ

या मोहिमेसाठी मी बॅगेत इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेतला होता. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, ही रेडिओएवढी पेटी असते आणि बटण दाबलं की तारा छेडल्याचा आवाज सतत येत राहतो. चकलीच्या भाजणीच्या दाबाने ते बटण कुठेतरी आकाशातच दाबलं गेलं असावं. सामान घ्यायला गेले तेव्हा पट्ट्यावरून माझी बॅग गात गात येत होती. आजूबाजूचे लोक चार पावलं मागे सरकले. बंदूकवाला एक उंचापुरा अधिकारी पुढे आला.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

माझं इंग्रजी शाळेत तपासणीला येणाऱ्या साहेबांपुरतं बरं आहे. मी म्हटलं, "साहेब, हा फक्त सा आणि प आहे."

त्याने बॅग उघडायला लावली. भाजणी हुंगली, पेटी कानाशी धरली आणि बराच वेळ ऐकली. "यावर दुसरं काही वाजत नाही?"

"नाही. तोच त्याचा गुण आहे."

तो हसला आणि त्याने मला सोडलं. बाहेर उभ्या असलेल्या मुक्ताने हे काचेतून पाहिलं होतं. गळ्यात पडायच्या आधी ती म्हणाली, "आत्या यार, लँड होऊन अर्धा तास नाही झाला!"

शॉमबर्ग

शॉमबर्गात रस्ते आहेत, पण रस्त्यावर माणसं नाहीत. सगळी माणसं गाड्यांत. पायी चालतात ते फक्त आपल्याकडचे आई-बाप. साडीखाली पांढरे बूट घातलेल्या काकू आणि कानटोपीतले काका सकाळी तळ्याभोवती फेऱ्या मारतात आणि एकमेकांना "मुलगा कुठे, सून कुठली" विचारतात. झाडं मात्र अशी लाल आणि पिवळी झालेली की भूगोलाच्या पुस्तकात 'पानझडी वने' एवढ्या दोन शब्दांत मी ती वर्षानुवर्षं उरकली, याची मला लाज वाटली.

मुक्ता कामावरून आली की कपड्यांच्या कपाटात शिरायची. तिकडची कपाटं आपल्या न्हाणीघराएवढी असतात. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ती तिथे दार लावून, कोटांच्या गर्दीत वाजवायची. पहिल्या दिवशी मी दाराला कान लावला. एक सूर आला, त्याच्याशी भांडण असल्यासारखा दुसरा आला, मग तिसरा भलतीकडूनच. मी तानपुऱ्याची पेटी आणली आणि दाराबाहेर बसून सा शोधू लागले. काळी दोनची पट्टी लावली, पांढरी चारची लावली. कशातच काही बसेना. शेवटी दार उघडून मुक्ता म्हणाली, "आत्या, बंद कर ते, प्लीज. याच्यात सा नाहीये."

"सा नाही म्हणजे? हरवला?"

"मुद्दाम ठेवलेला नाही." ती कोटांमध्ये खाली बसली आणि तिने मला समजावलं. शंभरएक वर्षांपूर्वी युरोपातल्या काही लोकांनी ठरवलं की एकाच सुराला घरधनी करून बाकीच्यांनी त्याच्याभोवती फिरायचं, हे आता पुरे. ती वाजवत होती ती रचना त्यांच्यातल्याच एका नॉर्वेच्या संगीतकाराची. समुद्राकाठी एकटा राहायचा, गुलाब लावायचा आणि असलं काही लिहायचा. लोक हसायचे त्याला. "बाराच्या बारा सूर सारखे. मालक कुणी नाही."

"आमच्या हाउसिंग सोसायटीसारखं," मी म्हटलं. "सगळे सभासद, चेअरमन व्हायला कुणी तयार नाही."

तिला हसू आलं, पण लगेच ती गंभीर झाली. वाद्यवृंदाचे दोन कार्यक्रम होते. शुक्रवारी शॉमबर्गात, आणि रविवारी विस्कॉन्सिनमध्ये, नॉर्वेहून आलेल्या लोकांनी वसवलेल्या एका गावात. समितीतल्या कुणालाच ही रचना नको होती. वाद्यवृंदाचे म्हातारे संचालक हान्सनसाहेब अडून बसले, तेव्हा असं ठरलं की शुक्रवारी लोकांना आवडली तरच ती रविवारी वाजवायची. नाहीतर तिच्या जागी एक गोड वॉल्ट्झ, म्हणजे तिकडची नाचाची धून.

"मग वॉल्ट्झ वाजव की! तुला काय फरक पडतो?" माझ्या मनात आनंदाच्या उकळ्याच फुटत होत्या.

मुक्ता बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, पुसत होती. "आत्या, मी सगळ्यात मागे बसते. शेवटची खुर्ची. मी वाजवलं काय, नाही वाजवलं काय, कुणाला कळत नाही. ऑफिसमध्येही तसंच आहे. पण या पीसच्या शेवटी एकेक जण थांबत जातो आणि एकच व्हायोलिन उरतं. ते शेवटच्या खुर्चीचं आहे. शेवटचा सूर माझा आहे." मग हळूच म्हणाली, "तीन वर्षांत इथे माझं असं तेवढंच झालंय."

ज्या पोरीला परत न्यायला मी आले होते ती इतकी एकटी आहे, हे मला तोपर्यंत जाणवलंही नव्हतं. मला वाईट वाटलं. मी पेटी बॅगेत ठेवून दिली.

त्या दिवसापासून संध्याकाळचा एक परिपाठ पडून गेला. आत ती शेवटचं पान वाजवायची, बाहेर मी वर्तमानपत्र चाळत बसायचे. भांडण, भांडण, भांडण, मग एक लांबच लांब सूर. तो बारीक होत होत कधी संपला हे नीट कळायचंही नाही. मग बो ठेवल्याचा टक् असा आवाज, आणि मुक्ता बाहेर येऊन चहा टाकायची. संगीताचं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण तो सूर संपत आला की मी उठून कप काढायला लागले होते.

तालीम

बुधवारी मुक्ता मला तालमीला घेऊन गेली. शाळेच्या सभागृहात मी सवयीने पहिल्या रांगेत, हान्सनसाहेबांच्या पाठीमागेच जाऊन बसले. साहेब उंच, वाकलेले, शर्टाच्या बाह्या दुमडलेले. ओळख झाल्यावर छाप पाडायला मी त्यांना नॉर्वेची मुख्य उत्पादनं सांगितली: मासे, लाकूड आणि कागदाचा लगदा. ते म्हणाले, "माझे आजोबा त्यातल्या माशांकडे होते."

मग ते सुरू झालं. कपाटात एकट्या मुक्ताचं भांडण ऐकलं होतं, इथे पन्नासएक माणसांचं होतं. मी ताल धरायला मांडीवर हात ठेवला आणि तो तिथे नुसता पडून राहिला. सम येईना. डोक्यात मी माझा माझा एक सा धरून ठेवला होता, उपासाच्या दिवशी आपण साबुदाण्याच्या वासावर असतो तसा. आणि एकाएकी बासरी अशा काही वळणाने खाली आली की थेट माझ्या पंचमावर उतरली! मला राहवलंच नाही. मांडीवर थाप मारून मी ओरडले, "वा! क्या बात है!"

सगळं थांबलं. पन्नास माणसं माझ्याकडे बघू लागली. बासरीवाली बाई उभी राहिली. हान्सनसाहेब वळून घाबऱ्या आवाजात म्हणाले, "त्यांना काही लागलं का? पाणी द्या कुणीतरी." कुणीतरी खरंच पाणी आणलं, आणि खुलासा करण्यापेक्षा ते पिणं सोपं होतं, म्हणून मी ते प्यायले.

परतताना मुक्ता गाडी चालवत होती. घराखाली गाडी लावल्यावर तिने माझा हात धरला आणि स्वतःच्या गळ्याला लावला. "माझ्या गळ्याची शपथ घे. शुक्रवारी तू तोंडातून एक आवाज काढणार नाहीस."

"अगं, शपथ कशाला? नाही म्हटलं की नाही."

"आत्या. शपथ."

घेतली. गळ्याची शपथ आमच्या घरात थट्टेची गोष्ट नाही. मोडली तर जिचा गळा तिचं काही बरं राहत नाही, आणि तिने स्वतः 'सुटली' म्हटल्याशिवाय शपथ सुटत नाही. मुक्ता बोलायला लागल्यापासून हा कायदा चालू आहे. तिला औषधाची कडू गोळी खायला लावण्यासाठी बहुधा तो मीच केला होता.

शुक्रवार

सभागृह जवळजवळ भरलं होतं. माझ्या शेजारी समितीच्या रूथबाई होत्या. पांढरे केस, हातात लोकरीचं विणकाम, स्वभावाने गोड आणि मताने पक्क्या. "माझे आजी-आजोबा नॉर्वेचे," त्या म्हणाल्या, "तरी हे मला झेपत नाही. माणसाने गाडीत बसून घरी जाताना काहीतरी गुणगुणलं पाहिजे की नाही?" माझं अगदी हेच मत होतं. पण शपथ आवाजाची होती, म्हणून मी नुसती मान हलवली, आणि तीही कुठल्या बाजूला ते कळू न देता.

ती रचना सुरू झाल्यावर मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. बासरी माझ्या पंचमावर उतरली तेव्हा ओठ चावला. मागे लोक खोकत होते, कागद चुरचुरत होते. रूथबाईंच्या सुया थांबल्या होत्या, पण ते चांगलं की वाईट समजत नव्हतं. मग वाद्यं एकेक करून गळत गेली आणि पार मागून, खांबाच्या सावलीतून, मुक्ताचा सूर आला.

कपाटात तो कोटांनी अर्धा गिळलेला असायचा. इथे तो एकटा, मोकळा होता. घर नसलेला, पण घाबरलेला नाही. तो बारीक झाला, आणखी बारीक झाला. मी सवयीने उठून कप काढायला निघणारच होते, इतकी माझी त्याची ओळख झाली होती. आणि संपला.

हान्सनसाहेबांनी हात खाली घेतले. पण ते वळले नाहीत. मान खाली घालून लोकांकडे पाठ करून तसेच उभे राहिले.

आणि काहीच झालं नाही. टाळी नाही, खोकला नाही. लोकांना कळलंच नव्हतं. ज्या गाण्याला घरच नाही ते घरी पोचलं हे कळणार कसं? मागे कुणीतरी कुजबुजलं, "मध्येच थांबलेत का?" रूथबाई कार्यक्रमाचा कागद चाळून आणखी किती राहिलंय ते बघू लागल्या. स्टेजवरची माणसं चुळबुळायला लागली. ती शांतता आंबायला लागली होती. आणखी थोडा वेळ असाच गेला असता तर कुणीतरी फिस्सकन हसलं असतं आणि रविवारी वॉल्ट्झ पक्का झाला असता.

त्या अख्ख्या सभागृहात हे संपलं आहे हे एकाच श्रोत्याला ठामपणे ठाऊक होतं, आणि तिच्या तोंडाला गळ्याच्या शपथेचं कुलूप होतं. जन्मभर नको तिथे ओरडले, आणि आज जिथे गरज होती तिथे मुकी बसले होते! मान उंचावून मी मागच्या खुर्चीकडे बघितलं. मुक्ताचा चेहरा पांढरा पडला होता. ती माझ्याचकडे बघत होती. तिने बो डाव्या हातात घेतला, उजव्या हाताची बोटं गळ्याला लावली आणि चिमूट सोडून दिली. तिचे ओठ हलले. एवढ्या लांबूनही मला स्वच्छ कळलं: सुटली.

"वा!"

अशी "वा" मी मिरजेतही कधी दिली नव्हती. रूथबाईंचं विणकाम खाली पडलं. हान्सनसाहेबांचे खांदे दचकले. मग कुठूनतरी एक टाळी आली, मग दुसरी, आणि मग सगळं सभागृह वाजायला लागलं. त्यातल्या किती टाळ्या गाण्याला होत्या आणि किती एकदाचं कळल्याच्या सुटकेला, ते मला माहीत नाही. मी रडत होते. हान्सनसाहेबांनी वळून वाकून नमस्कार केला, आणि मग हात लांब करून शेवटच्या खुर्चीकडे दाखवलं. मुक्ता उठून उभी राहिली. पुढच्या व्हायोलिनवाल्यांनी माना वळवून तिच्याकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच.

नंतर साहेब मला शोधत आले. तोपर्यंत माझ्याबद्दल 'भारतातून आलेल्या थोर जाणकार' अशी काहीतरी बातमी पसरली होती. "संपलं हे तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं. "आमच्या काही वादकांनाही खात्री नव्हती."

क्षणभर वाटलं, श्रुतींवर काहीतरी ठोकून द्यावं. पण मुक्ता शेजारी उभी होती. मी म्हटलं, "साहेब, तो सूर संपला की ही चहा करते."

ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

विस्कॉन्सिन

रविवारसाठी रचना कायम राहिली. रूथबाई म्हणाल्या, "गुणगुणता येत नाही ते नाहीच. पण त्या पोरीचा सूर दोन दिवस कानातून जात नाही."

गावात एक पेट्रोलपंप, एक चर्च आणि क्षितिजापर्यंत कापणी झालेली मक्याची शेतं. कार्यक्रमाआधी चर्चच्या तळघरात जेवण होतं आणि तिथे बायका लेफ्से लाटत होत्या. लेफ्से म्हणजे बटाट्याची पोळी, चक्क तव्यावर भाजलेली! लोणी आणि साखर लावून गुंडाळी करून खातात. मला इतकं माहेरी आल्यासारखं झालं की मी पदर खोचला आणि रूथबाईंच्या हातून लाटणं घेतलं. "आमच्याकडे रोजचंच आहे हे," असंही म्हणून बसले. ती पोळी पोळपाटाला चिकटली, फाटली, उरलेली लाटण्याभोवती गुंडाळली गेली. रूथबाईंनी माझ्या हातात एक बशी दिली आणि मला खुर्ची दाखवली.

चर्चमध्ये मी पहिल्या रांगेत बसले. आत जायच्या आधी मी मुक्तासमोर हात पुढे केला होता, शपथेसाठी. तिने तो खाली केला. "आज नको, आत्या. तुला वाटेल तसं कर."

खिडकीतून उतरतं ऊन येत होतं. बासरी पंचमावर आली नि गेली. एकेक वाद्य थांबलं. मुक्ताचा सूर लाकडी छतापर्यंत गेला आणि तिथेच कुठेतरी विरला. हान्सनसाहेबांनी हात खाली घेतले. पुन्हा शांतता. पण ही आंबली नाही. या लोकांना कळलं होतं, आणि कळूनही ते गप्प होते. साहेबांनी तिरक्या नजरेने माझ्याकडे पाहिलं. मुक्तानेही पाहिलं. "वा" अगदी जिभेवर आली होती, आणि अडवायला कुणीही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी ती गिळली. मुक्ताचा सूर संपला होता, आणि त्यानंतरचा पहिला आवाज माझा नको होता.

संध्याकाळी आम्ही दोघी शॉमबर्गला पोचलो. घरात शिरल्यावर मुक्ताने व्हायोलिन खाली ठेवलं, टक् असा आवाज आला, आणि मी कप काढले.